स्वच्छ आकाशातली वीज

(नाशिकला गोदाघाटावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून आले की शेतात काढून ठेवलेला कांदा झाकायला आपल्याकडे एकच धावपळ होते. आकाशातली वीज आपल्याला तेव्हा आठवते. पण आज एकही ढग नाही, आणि तरीही या हवेत वीज आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या मोकळ्या माळावर जा. तिथे जमिनीपासून एक मीटर वर गेलात की सुमारे 100 व्होल्टचा फरक पडतो. हेच पृथ्वीचं नैसर्गिक विद्युत क्षेत्र. झाडांखाली, इमारतींच्या आडोशाला ते फार कमी होतं.

मग माळावर उभ्या माणसाला झटका का बसत नाही? आपलं शरीर हवेच्या मानाने उत्तम वाहक आहे. आपण उभे राहिलो की पावलांपासून डोक्यापर्यंत सगळे जमिनीच्याच विभवावर, म्हणजे विजेच्या पातळीवर, येतो आणि क्षेत्राच्या रेषा आपल्याला वळसा घालून जातात. शिवाय प्रवाह अगदीच क्षीण. एका चौरस मीटरवर साधारण 2 पिकोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दुप्पट. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. एवढ्या सगळ्या जमिनीत आकाशातून उतरणारा प्रवाह 0.03 अँपिअरच्या आसपास भरतो. मोबाइलच्या चार्जरमधून याच्या कितीतरी पट जातो.

ढगांशिवायही हवेत वीज असते, हे 1752 साली फ्रान्समध्ये लेमोनिए यांनी पाहिलं. पण हवा तर विजेची दुर्वाहक, मग प्रवाह वाहतो कसा? जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू आणि अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेत सतत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार करत असतात. 1912 मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून वर गेले, तेव्हा उंचीबरोबर हे आयनीकरण वाढतं असं त्यांना आढळलं. विश्वकिरणांचा शोध तो हाच.

आता खरी अडचण इथे आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे पाच लाख कुलोम (कुलोम हे विद्युतभाराचं एकक) ऋण भार आहे, आणि सगळ्या जगाचा हिशेब केला तर हजारेक अँपिअर प्रवाह तो सतत खोडून काढतो. या वेगाने दहाएक मिनिटांत हे क्षेत्र जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. ते होत नाही, म्हणजे कुणीतरी भार भरतंय. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1920 च्या दशकात सांगितलं की भरणारी आहेत ती जगभरची विजांची वादळं. ढगाच्या माथ्यावरून धन भार वर जातो, आणि विजा व पाऊस ऋण भार जमिनीवर आणतात.

याचा पुरावा समुद्रावर मिळाला, आणि मला या साऱ्या कहाणीत तोच सर्वांत सुंदर वाटतो. ‘कार्नेगी’ नावाचं लाकडी संशोधन जहाज महासागरांवर हिंडत हे क्षेत्र मोजत होतं. जहाज कुठल्याही महासागरात असो, क्षेत्र एकाच घटकेला वाढायचं आणि एकाच घटकेला उतरायचं. आपल्या घड्याळात ते रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि सकाळी साडेआठच्या सुमारास सर्वांत कमी. आत्ता आपले संध्याकाळचे साडेसात वाजलेत. काँगोच्या खोऱ्यात दुपारचे तीन-चार झालेत, तिथले ढग आता चढत असतील. आपले साडेबारा वाजतील तेव्हा ॲमेझॉनवर दुपार असेल. तिकडच्या वादळांनी भरलेलं क्षेत्र इथे या गोदावरीवर असतं. 1929 मध्ये सामोआतल्या आपिया बंदरात स्फोट होऊन ते जहाज जळालं, कप्तान ऑल्ट त्यात गेले. मोजमापं मात्र वाचली. हा दैनंदिन आलेख आजही ‘कार्नेगी वक्र’ म्हणूनच ओळखला जातो.

नाशिकमध्ये तोच आलेख काढायला गेलात तर तो सहजी दिसणार नाही. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी धुकं असतं, दिवसा धूळ आणि धूर. हे बारीक कण आयनांना धरून ठेवतात, हवेची वाहकता घटते आणि क्षेत्र वाढतं. स्वच्छ हवेसाठी समुद्रावर जावं लागलं ते यामुळे.

जाता जाता मधमाशीचं सांगतो. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, माश्या असतात. उडताना माशीवर धन भार जमतो. फूल देठातून जमिनीशी जोडलेलं, म्हणून तिच्या मानाने ऋण. त्यामुळे परागकण स्पर्शाआधीच माशीकडे उडी घेऊ शकतात. भुंग्यांना फुलाभोवतीचं क्षेत्र जाणवतं, हे 2013 मध्ये ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी दाखवलं.

शेवटी एक मागणं. वादळी ढग डोक्यावर येतो तेव्हा हेच क्षेत्र बहुतेकदा उलटतं आणि मीटरला हजारो व्होल्टवर जातं. ‘फील्ड मिल’ नावाचं यंत्र हे पहिली वीज पडण्याआधीच नोंदवू शकतं. अमेरिकेत केनेडी अवकाश केंद्रावर उड्डाणाआधी अशा यंत्रांच्या जाळ्यावर लक्ष ठेवलं जातं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप पडलेल्या विजा टिपून आसपासच्यांना सावध करतं, ते तुम्ही वापराच. पण लासलगाव, पिंपळगावच्या बाजार आवारात उघड्यावर शेकडो माणसं असतात. तिथे एकेक फील्ड मिल बसवावी आणि तिची नोंद भोंग्याला जोडावी, असं मला मनापासून वाटतं. इथे बसलेल्यांपैकी बाजार समितीशी ज्यांचा संबंध असेल, त्यांनी मला भाषणानंतर जरूर भेटावं.