काळी पेटी म्हणजे मृत्यू? आधी पेटी तर नीट बघा!

नमस्कार मंडळी! जून महिना आला की माझ्याकडे एकच प्रश्न यायला लागतो. ‘मॅम, द लॉटरीमधली काळी पेटी कशाचं प्रतीक आहे?’ टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, एमएची विचारतात, प्राध्यापकीसाठी सेट-नेटचा अभ्यास करणारेही विचारतात. शर्ली जॅक्सनची ती कथा २७ जूनच्या सकाळी घडते, म्हणून तारीख जवळ आली की रील्सही सुरू होतात. कोणी प्रश्न टाकला की खाली लगेच कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं: ‘काळा रंग म्हणजे मृत्यू.’ विषय संपला!

मला या उत्तराचा मनापासून राग येतो, म्हणून आज यावरच बोलायचं आहे. कथांचे शेवट मी सांगणार आहे. वाचल्या नसतील तर व्हिडिओ थांबवा, आधी वाचून या. एका बैठकीत होणाऱ्या कथा आहेत.

प्राथमिक गोष्टी पटापट उरकते. अमेरिकन छोट्या गावाची कथा म्हटली की शेरवूड अँडरसनचं ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ हे कथांचं पुस्तक येतं, साल १९१९. तो ओहायोमधल्या क्लाइड या गावात वाढला, तेच गाव त्या पुस्तकामागे आहे. विल्यम फॉकनरच्या कथांमधलं जेफरसन हे गाव मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डवरून बेतलेलं. शर्ली जॅक्सन व्हरमाँटमध्ये नॉर्थ बेनिंग्टनला राहायची. चौक, पोस्ट, बँक, चर्च, आणि प्रत्येकाला प्रत्येकाची खबर. प्रतीक म्हणजे काय हे तुम्हाला बारावीपासून ठाऊक आहे. चला पुढे.

हो, एक सांगायचं राहिलं. ओहायो मराठी वाचकाला वाटतं तितकं परकं नाही. जी. ए. कुलकर्णींनी अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत, ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. ओहायोतलं जंगल तोडून तिथे वस्ती कशी उभी राहिली ते त्यांत आहे. त्या वाचून मग अँडरसनकडे वळा. त्याच मातीत उभं राहिलेलं गाव पुढे आतून कसं झालं ते दिसेल. लायब्ररीत मिळाल्या तर सोडू नका.

आता पेटी. ‘द लॉटरी’त गावकरी दरवर्षी काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढतात, आणि ज्याच्या हाती खुणेची चिठ्ठी येते त्याला सगळे मिळून दगडांनी मारतात. या वेळी ती टेसीला येते. मी तुम्हाला फक्त एवढंच विचारते, जॅक्सनने त्या पेटीबद्दल काय काय लिहिलंय ते आठवतंय का? ती आता धड काळीसुद्धा राहिलेली नाही. एका बाजूने ढलप्या उडाल्यात, आतलं लाकूड दिसतंय, रंग विटलाय, डाग पडलेत. नवी करू या असं लॉटरी चालवणारा समर्स दरवर्षी म्हणतो, आणि दरवर्षी तो विषय तिथेच विरतो. आधीच्या पेटीचे काही तुकडे हिच्यात आहेत म्हणे. आणि वर्षभर ही ठेवतात कुठे? एक वर्ष ग्रेव्हजच्या कोठारात, एक वर्ष पोस्टात लोकांच्या पायात, कधी मार्टिनच्या किराणा दुकानाच्या फळीवर.

किराणा दुकानाच्या फळीवर, मंडळी! जी वस्तू म्हणजे साक्षात मृत्यू, ती वर्षभर दुकानात इतर मालाशेजारी कोण ठेवेल? पण त्या सकाळी चौकात तिपाईवर ठेवली की तेच लोक अंतर राखून उभे राहतात. समर्स म्हणतो, जरा धरायला या कोणीतरी. तेव्हा आधी सगळे घुटमळतात, मग मार्टिन आणि त्याचा मोठा मुलगा पुढे येतात. वर्षभर अडगळ आणि एक सकाळभर भीती. या दोन वागण्यांच्या मधे पेटीचा अर्थ आहे. ‘काळा म्हणजे मृत्यू’ म्हटलंत की किराणा दुकान गळलं, तिपाई गळली, घुटमळणं गळलं. कथाच गळली.

आणि पेटीइतकंच दगडांकडे बघा. मूळ पेटी हरवली, मंत्र विसरले, सलाम करायची पद्धत विसरले, लाकडी चिपांच्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या आल्या. पण दगड वापरायचे हे मात्र लक्षात राहिलं. जॅक्सनने हे सरळ एका वाक्यात सांगून टाकलंय. मिसेस डेलाक्रॉ थोड्या वेळापूर्वी टेसीशी हसून बोलत होती. तीच इतका मोठा दगड उचलते की तिला दोन्ही हात लावावे लागतात. छोट्या डेव्हीच्या हातात कोणीतरी खडे देतं, आणि टेसी त्याची आई आहे. इथे दगड कशाचं प्रतीक आहे असं विचारूच नका. दगड कोणी उचलला, केवढा उचलला, कोणी कोणाच्या हातात दिला, एवढं पानावरून वेचून काढा. निम्मं उत्तर तिथे आहे.

एका प्रेक्षकाने गेल्या वेळी लिहिलं होतं, ‘मॅम, समर्स म्हणजे उन्हाळा, ग्रेव्हज म्हणजे कबर, हे तुम्ही सांगितलंच नाही.’ बरोबर आहे, नावं मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. पण नावाचा अर्थ लावला की अभ्यास झाला असं वाटायला लागतं, ही त्यातली अडचण आहे. समर्सचा कोळशाचा धंदा आहे आणि ग्रेव्हज पोस्टमास्तर आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? गावातली अगदी साधी, कामाची माणसं ही लॉटरी चालवतात. मला हे नावांपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते, कारण मला माहितीये की मागे बसलेले अजून ‘पण मॅम, परीक्षेत काय लिहायचं’ याच विचारात आहेत. अँडरसनच्या त्याच पुस्तकातली ‘हँड्स’ ही कथा घ्या. विंग बिडलबॉम. गावाबाहेर, ओघळीच्या कडेला छोटंसं घर, पडवीत येरझाऱ्या घालणारा माणूस. वय चाळीस, दिसतो पासष्टचा. त्याचे हात गावात प्रसिद्ध आहेत, कारण त्याने एका दिवसात १४० क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर) स्ट्रॉबेरी तोडल्या आहेत. बँकर व्हाइटच्या नव्या दगडी घराचा आणि शर्यत जिंकलेल्या घोड्याचा गावाला जसा अभिमान, तसाच या हातांचा. तो स्वतः मात्र ते खिशात नाहीतर पाठीमागे लपवतो.

गाईड काय म्हणतं? हात म्हणजे दडपलेली इच्छा. पुढचा प्रश्न! अहो, पण पेन्सिल्व्हेनियात तो शिक्षक होता तेव्हा काय झालं ते बघा ना. मुलांशी बोलताना तो त्यांच्या खांद्यावर, केसांवर हात ठेवायचा. स्वप्न बघायला शिकवायची त्याची तीच रीत होती. एका मंदबुद्धी मुलाने मनात काहीबाही कल्पना केल्या आणि त्या खऱ्या म्हणून सांगितल्या. मग गावाने काय केलं? हात बरोबर पाप. संपलं. दारूच्या गुत्त्याच्या मालकाने त्याला शाळेच्या अंगणात मारलं, आणि रात्री माणसं कंदील घेऊन दारात आली. त्यांतल्या एकाच्या हातात दोरखंड होता.

मी गेली कित्येक वर्षं हे वर्गात सांगत आलेय आणि आज जरा मोठ्याने सांगते. ‘हे बरोबर ते’ अशी बेरीज त्या जमावाने केली होती. अँडरसन आपल्याला त्या जमावापासून दूर नेतोय, आणि आपण परत जाऊन त्यांच्या कंदिलाशेजारी उभे राहतो. विंगलासुद्धा काय घडलं ते नीट कळलेलं नाही. तोही मनाशी ठरवून टाकतो की दोष हातांचाच असणार. आणि शेवटी काय करतो तो? जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे कण गुडघ्यावर बसून एकेक करून तोंडात टाकतो. त्याची बोटं इतक्या वेगाने चालतात की अँडरसनला जपमाळ ओढणाऱ्या भक्ताची बोटं आठवतात. आता सांगा, हे हात एका शब्दात बसतात का?

इथेच पात्राचा प्रश्नही येतो. ‘पात्र-चित्रण लिहा’ आणि ‘प्रतीके स्पष्ट करा’ असे दोन वेगळे प्रश्न पेपरात येतात, म्हणून तुम्ही दोन वेगळी उत्तरं पाठ करता. या कथांत ते वेगळे नसतात. जॉर्ज विलर्ड हा गावातल्या पेपरचा तरुण बातमीदार. त्याला विंगच्या हातांबद्दल विचारावंसं वाटतं. पण त्या डोळ्यांतली भीती बघून तो ठरवतो की नको, जे काय आहे ते मला कळायलाच नको. या न विचारण्यात जॉर्जचं पात्र उभं राहतं. तो चांगला आहे, हळवा आहे, आणि अजून कच्चा आहे. हात विंगचे, पण ओळख जॉर्जची होते.

तिसरी बाजू, माझी सगळ्यात आवडती. सुसान ग्लास्पेलची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’, म्हणजे तिच्या बरोबरीच्या माणसांची ज्युरी, १९१७. ग्लास्पेल तरुणपणी आयोवात बातमीदार होती. तिथल्या एका शेतकऱ्याच्या खुनाचा खटला तिने कव्हर केला होता. आरोपी त्याची बायको होती. त्यातून आधी ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका आली, १९१६ मध्ये, मग ही कथा. मिनी राइटवर नवऱ्याच्या खुनाचा आळ आहे. पुरुष मंडळी वरच्या मजल्यावर आणि कोठारात पुरावा शोधतायत. मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स खाली स्वयंपाकघरात आहेत.

सरकारी वकील मळलेला टॉवेल बघतो आणि म्हणतो, बाई काही फार टापटिपीची दिसत नाही. टॉवेल बरोबर आळशी बाई! तीच बेरीज बघा. मिसेस हेल म्हणते, सकाळी चूल पेटवायला आलेल्या डेप्युटीनेही याला हात पुसले असतील. एकच टॉवेल. एकाने निकाल दिला, दुसरीने तो कोणी वापरला याचा विचार केला.

पुढे या दोघींना मिनीच्या शिवणाच्या डब्यात तिचा पाळलेला पक्षी, कॅनरी, मान मुरगळून मेलेला सापडतो, आणि खुनाचं कारण त्यातून कळतं. ही मेलेली कॅनरी सगळ्यांच्या लक्षात राहते. पिंजरा म्हणजे लग्न, पक्षी म्हणजे मिनी, हे तुम्ही मला झोपेतही सांगाल. पण माझ्या वर्गात सातारा भागातली एक मुलगी होती, तिची आई गोधड्या शिवून द्यायची. वर्ग कॅनरीवर बोलत होता आणि तिने विचारलं, ‘मॅम, ती मिसेस हेल दुसऱ्याची शिवण का उसवते?’ सगळा वर्ग गप्प. कारण कोणी ते वाचलंच नव्हतं. मिनीच्या त्या अर्धवट गोधडीत सगळे तुकडे नीट शिवलेत, आणि एकच वेडावाकडा आहे, हात थरथरत असल्यासारखा. मिसेस हेल ते टाके उसवते आणि नीट घालायला लागते. मिसेस पीटर्स घाबरून म्हणते, आपण वस्तूंना हात लावायला नको. ती मुलगी म्हणाली, ‘आईकडे कोणी बिघडलेलं काम आणलं की ती बघताक्षणी सांगते, बाई कधी अस्वस्थ होती ते.’

पक्षी सापडण्याच्या आधी, मंडळी! मिसेस हेलने पुरावा पुसायला सुरुवात पक्षी सापडण्याआधीच केलीय. तिच्या तोंडाने अजून काही कबूल केलेलं नाही, पण बोटांनी बाजू घेतली. वीस वर्षं शेजारी राहून आपण मिनीकडे फिरकलो नाही ही टोचणीही तिथेच आहे. आणि त्या काळी आयोवात बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, हे लक्षात ठेवा, मग शीर्षक कळेल. शेवटी मेलेला पक्षी मिसेस हेलच्या कोटाच्या खिशात जातो. त्या क्षणी तो लपवलेला पुरावा आहे. प्रतीक असेल तर त्यानंतर.

अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनरने तिच्या लाकडी पायाच्या कथेबद्दल, ‘गुड कंट्री पीपल’बद्दल हेच सांगून ठेवलंय. पायाला प्रतीक म्हणायचं तर म्हणा, पण तो आधी लाकडी पाय आहे.

कमेंट्समध्ये एक जण नेहमी विचारतो, ‘मग कोणी काहीही अर्थ लावला तर चालेल का?’ अजिबात नाही! उलट माझी पद्धत जास्त कडक आहे. रंगांचा तक्ता कोणालाही पाठ होतो. तुम्हाला पानावरची कृती दाखवावी लागेल. फॉकनरची ‘अ रोज फॉर एमिली’ घ्या, १९३० ची. तिथे गाव स्वतःच ‘आम्ही’ म्हणून गोष्ट सांगतं. एमिलीने विष आणलं, गाव म्हणालं, ती आत्महत्या करणार. तिने पुरुषाची चांदीची प्रसाधनं आणली, गाव म्हणालं, लग्न झालं! प्रत्येक वेळी गावाने वस्तूवरून निकाल दिला आणि प्रत्येक वेळी चुकलं. मग शेवटी एका बंद खोलीत, तिच्या प्रियकराच्या प्रेताशेजारच्या उशीवर, तो करड्या केसाचा लांब धागा सापडतो, आणि गावाचे सगळे अंदाज उघडे पडतात. तेव्हा ‘गुलाब म्हणजे प्रेम’ लिहिण्याआधी शोधा, एमिलीच्या हातात गुलाब कुठे आहे? नाहीच. त्या बंद खोलीतले पडदे गुलाबी आहेत, दिव्यांची आवरणं गुलाबी आहेत. तिथून सुरुवात करा.

‘द लॉटरी’ छापून आली त्या १९४८ च्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेच्या वर पत्रं आली होती. काही लोक अर्थ मागत होते. काही विचारत होते की अशा लॉटऱ्या कुठे भरतात, बघायला येता येईल का. म्हणून मला प्रश्न विचारणाऱ्यांवर मी कधी चिडत नाही. चिडते ती तयार उत्तरांवर.

आता परीक्षेचं. ‘द लॉटरी’ पेन्सिल घेऊन वाचा. जिथे जिथे पेटी येते तिथे खूण करा, आणि शेजारी फक्त क्रियापद लिहा: ठेवली, ढवळली, टाळली, धरली. त्यापुढे कोणी, तेही लिहा. त्या यादीवरून उत्तर लिहा, पाच मार्कांचं असो की पंधरा. तुमची यादी खाली कमेंटमध्ये टाका, मी वाचते आणि उत्तर देते. पुढच्या व्हिडिओला स्टाइनबेकची ‘द क्रिसँथेमम्स’ आहे. ती वाचताना फुलांवर फार रेंगाळू नका, एलिसाचे हातमोजे ती कधी काढते ते बघून ठेवा.