किआरोस्तामींच्या चोवीस चौकटी

श्रोतेहो, नमस्कार. इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी २०१६ साली गेले. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘२४ फ्रेम्स’ त्यांच्या मागे मुलगा अहमद यांनी पूर्ण करून घेतला आणि २०१७ साली तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ‘टेस्ट ऑफ चेरी’साठी १९९७ साली तिथलंच सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या माणसाचा हा निरोप, म्हणून त्याने केलेली निराशा अधिक बोचते.

कल्पना विलक्षण आहे. एक स्थिर चित्र घ्यायचं आणि त्या क्षणाच्या आधी किंवा नंतर काय घडलं असेल, ते साडेचार मिनिटं दाखवायचं. ही झाली एक चौकट; अशा चोवीस. पहिलं चित्र सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगल याचं, बर्फातल्या शिकाऱ्यांचं. पुढे बहुतेक किआरोस्तामींची स्वतःची छायाचित्रं. कॅमेरा जवळजवळ कुठेच जागचा हलत नाही. धूर, बर्फ, पक्षी, कुत्रा हे संगणकावर थरावर थर चढवून आणलेलं.

गाडं अडतं ते इथेच. सिनेमात सेकंदाला २४ स्थिर चित्रं सरकतात, त्या हिशेबाने साडेचार मिनिटं म्हणजे ६,४८० चित्रं. इतका वेळ एकाच दृश्यावर खिळलेला डोळा जोड शोधू लागतो. प्राण्याच्या पायाशी सावली नीट टेकलेली नसते, कडा जरा जास्तच कोरीव असतात. दोन सेकंदांच्या शॉटमध्ये हे सहज खपून गेलं असतं.

त्याहून मोठं दुखणं वेगळं आहे. किआरोस्तामींच्याच ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ या चित्रपटाचा शेवट आठवा. दूर शेतात दोन ठिपके, तो तिच्या मागे जातोय, ती काय उत्तर देते ते ऐकू येत नाही. आपण जीव मुठीत धरून पाहतो, कारण काहीही घडू शकतं. ‘२४ फ्रेम्स’मध्ये पक्षी उडतो तो उडवला म्हणून. योगायोगाला दारच बंद! मग बंदुकीचा बार झाला तरी धक्का बसत नाही, आणि निम्म्या चित्रपटात घडण पाठ होते.

दुसरी चौकट मात्र जिवंत आहे. गाडीची काच खाली सरकते, पलीकडे बर्फात घोडे. काच खाली करणारं कुणीतरी तिथे आहे, आणि तेवढ्यानेच पाहण्याला धनी मिळतो.

पाहणार असाल तर मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात पाहा. आवाज चांगला हवा, कारण चौकटीबाहेरचं जग इथे कानांनीच कळतं. आणि एका बैठकीत सहा-आठ चौकटींच्या पुढे जाऊ नका.