आधी फणी बघा, मग रंग

मंडळी, मागावर नवं सूत चढवायचं म्हटलं की सगळ्यांचे डोळे रंगाकडे जातात. माझं म्हणणं, आधी फणी बघा, म्हणजे उभे धागे ज्यातून ओवतात ती दातेरी चौकट. फणीची घरं, म्हणजे दातांमधल्या फटी, आणि सुताची जाडी जुळली नाही, तर पुढची मेहनत पाण्यात.

ते जुळवायला एक मोजपट्टी पुरते. तिच्यावर एक इंच जागेत सूत गुंडाळा. वेढे शेजारी शेजारी लागावेत, पण ओढून बसवू नका. 2/20 सुती दोऱ्याचे, म्हणजे 20 नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेल्या दोऱ्याचे, साधारण 64 वेढे होतात. साध्या विणीत दर दोन उभ्या धाग्यांमध्ये आडव्याला जागा लागते, म्हणून त्याचे निम्मे, म्हणजे इंचाला 32 धागे. इंचाला 16 घरांची फणी घ्या आणि घरात दोन-दोन ओवा. हाच ताणा, म्हणजे हेच उभे धागे, 12 घरांच्या फणीत ओवला तर 24 धागे येतील. कापड मोकळं, झुळझुळीत होईल. उपरण्याला सुरेख, पण पिशवीला नको, धागे सरकतात. उलट 16 घरांत तीन-तीन कोंबले की 48 होतात. मग कितीही ठोका, बाणा, म्हणजे आडवा धागा, बसत नाही. धागे एकमेकांना घासून लव उठते, शेजारी शेजाऱ्याला धरतो, आणि बाणा नेणारा धोटा जायची फटच नीट उघडत नाही.

कोणती फणी जुळते ते छोटा नमुना विणून बघा, तो महाग पडत नाही. 256 धाग्यांचा 2 मीटर ताणा म्हणजे 512 मीटर सूत, वजनाला जेमतेम 30 ग्रॅम. एका नमुन्यात एकच गोष्ट बदला, आणि धुऊन वाळवून मोजल्याशिवाय निकाल देऊ नका. मागावरचं कापड ताणलेलं असतं, खरी रुंदी पाण्यातून निघाल्यावर कळते.

नागपूरचा मे महिना मात्र वेगळी परीक्षा घेतो. पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत. कापसाचा धागा ओलाव्यात जास्त बळकट असतो. कोरडा पडला, त्यात धाग्याला लावलेली खळ दाट असली, की फणीपाशी पांढरी भुकटी झडते आणि धागा तुटतो. तांदळाची खळ पातळच ठेवा. मागाखाली ओलं पोतं अंथरा. कूलर खोलीत असू द्या, पण झोत ताण्यावर नको.

सगळ्यात जपून करायचा प्रयोग म्हणजे दोन जातींची सुतं एकाच ताण्यात. आपल्या विदर्भाची करवती साडी हेच करते: अंगाला टसर रेशीम, काठाला सुती धागा, आणि विणताना तीन धोटे. काठाची वीण दाट असते, ती ताणा जास्त खाते. दोन्ही सुतं एकाच तुळईवर, म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळावर, गुंडाळली तर काठ ताठ होतो, अंग सैल पडतं. सैल धागे खाली लोंबतात आणि धोटा त्यांच्या वरून निघून जातो. म्हणून काठाचा ताणा वेगळा ठेवा, मागच्या दांडीवरून सोडून त्याला पाण्याची बाटली टांगा. तळहात दोन्हींवरून फिरवा. काठ जास्त ताठ लागला तर बाटलीतलं पाणी थोडं कमी करा, सैल लागला तर वाढवा.