लांडग्याला शपथ चालत नाही

श्रोतेहो, नमस्कार. व्यसनमुक्तीच्या कामात एक गोष्ट लवकर कळते, पिणारा माणूस नाटकात पटाईत असतो. बायकोपुढं लेकराची शपथ, कारखान्यात आजारपण, आमच्यापुढं सिद्धेश्वराची आण. आणि आपण फसतो, कारण आपल्याला ते खरं वाटून घ्यायचं असतं.

कॅलिफोर्नियात ‘वुल्फ कनेक्शन’ नावाची संस्था आहे, 2009 सालची. वाट चुकलेली पोरं तिथं लांडग्यांच्या कळपासोबत डोंगरात चालतात. त्याच राज्यात, लढाईवरून परतलेले आणि अजून झोपेत दचकणारे सैनिक अशाच जनावरांची देखभाल करतात. ही जनावरं रानातली नव्हेत. लांडगा-कुत्र्याच्या संकरातली, कुणीतरी हौसेनं पाळून नंतर नकोशी झालेली.

मग साधा कुत्रा का नको? कुत्रा झिंगलेल्या मालकापुढंही शेपूट हलवतो. जपानी शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं आढळलं नाही. लांडगा लाड मागत नाही. तुमचं अंग ताठलेलं, श्वास चढलेला असेल, तर तोंडावर कितीही हसू आणा, तो लांब जाऊन बसतो. त्याच्यापुढं शपथा घेऊन भागत नाही.

हे औषध मात्र नव्हे. पक्का पिणारा अचानक दारू तोडतो तेव्हा हात थरथरतात, फिट येऊ शकते. तिथं डॉक्टरच लागतो. या उपचाराचा भक्कम पुरावाही अजून थोडाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, लांडगे तर आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही आहेत. आहेतच की! पण त्यांना धरणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. (आणि मेंढरं राखणाऱ्या धनगरापुढं त्यांचं कौतुक जपूनच करा, त्याच्या कोकरांचा हिशेब वेगळा असतो.) लांबून बघायला मात्र हरकत नाही.

मागच्या हिवाळ्यात यंत्रमागावरच्या एका कामगाराला तिकडं नेलं होतं. चार महिने कोरडा, पण बैठकीत दहा मिनिटं बूड टेकत नसे. दिवस कलताना गवतातून एक लांडगा निघाला, थांबला, आमच्याकडं बघितलं आणि आपल्या वाटेनं गेला. आमचा गडी त्यानंतरही तासभर तसाच बसून होता.

परतताना म्हणाला, “सर, उद्या बी यायचं का?”

उद्या पगाराचा वार होता.