सॉफ्टवेअरवाल्यांनी काय वाचावं?

नमस्कार, श्रोतेहो. प्रोग्रॅमरच्या कपाटात बहुतेक पुस्तकं एखाद्या भाषेची नाहीतर फ्रेमवर्कची असतात. पुढची व्हर्जन आली की ती रद्दीत जातात. माणसं मिळून सॉफ्टवेअर कसं घडवतात, याची पुस्तकं मात्र टिकतात.

सुरुवात फ्रेड ब्रुक्स यांच्या 'द मिथिकल मॅन-मंथ'पासून करा. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाची सूत्रं ब्रुक्स यांच्याकडे होती, पुस्तक १९७५चं. रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हा त्यांचा मुद्दा. हिशेब करून बघा. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५. माणसं दुप्पट, जोड्या साडेचारपट! वर नव्यांना शिकवण्यात वेळ जातो तो जुन्यांचाच. विकत घ्यायचं तर १९९५ची आवृत्ती घ्या. मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका स्वतंत्र भागाच्या, आतला तपशील सगळ्यांना दिसावा, हे आपलं मत चुकलं, असं ब्रुक्स यांनी तीत सरळ लिहिलंय. मेमरी वाचवण्याची पानं चाळली तरी पुरे.

दुसरं, एरिक रेमंड यांचा १९९७चा निबंध, 'द कथीड्रल अँड द बझार'. १९९८मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, सगळ्यांसाठी खुला केला, त्या निर्णयात या निबंधाचा वाटा होता. मात्र बघणारे पुष्कळ असले की बग, म्हणजे कोडमधली चूक, लपत नाही, हा त्यातला दावा पारखून घ्या. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड बग २०१२मध्ये शिरला आणि उघड झाला एप्रिल २०१४मध्ये. समोरच्यानं सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जायची, एवढीच चूक. कोड सगळ्यांसमोर होता; वापरणारे अगणित, वाचणारे मोजके.

असा खुल्या कोडचा, म्हणजे ओपन सोर्स, प्रकल्प चालवायचा असेल, तर कार्ल फोगेल यांचं 'प्रोड्युसिंग ओपन सोर्स सॉफ्टवेअर' वाचा. पैसा, भांडणं, मतदान, सगळं त्यात आहे, आणि ऑनलाइन फुकट मिळतं.

आता थोडं कोडवाचन. कागद-पेन घ्या. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला एक बदल. गिटची स्वतःची पहिली कमिट एप्रिल २००५ची, लिनक्सवाल्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांची; ११ फायली, ओळी हजार-बाराशे. गिटचा सोर्स क्लोन करताना, म्हणजे त्याची प्रत आपल्याकडे उतरवून घेताना, 'डेप्थ १' देऊ नका, नाहीतर जुना इतिहास येणारच नाही. मग कमांड द्या: 'गिट लॉग', दोन डॅश, 'रिव्हर्स'. कमिटची यादी जुन्यापासून नव्याकडे दिसते. इथे बरेच जण पुढे 'वजा एक' जोडतात आणि हाती येते सगळ्यात ताजी कमिट, कारण गिट आधी संख्येची मर्यादा लावतं आणि मग क्रम उलटवतं. मर्यादा न लावता सगळ्यात वरची कमिट घ्या, तिचा हॅश, म्हणजे कमिटचा ओळख क्रमांक, 'गिट शो' या कमांडला द्या. आधी रीडमी वाचा, मग 'कॅश डॉट एच', मग चिमुकली 'कॅट-फाइल डॉट सी'. या नावाची कमांड गिटमध्ये आजही आहे.