दिवाणखान्यातली आगगाडी

ब्रुसेल्सचं जेट उपनगर. एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं. त्यांतल्याच या १३५ नंबरच्या घरात १९३० ते १९५४ चित्रकार रने माग्रीत आणि त्याची बायको जॉर्जेट तळमजल्यावर भाड्यानं राहत होते.

चित्रांसाठी त्याला वेगळा स्टुडिओ लागला नाही. जेवणाच्या खोलीत ईझल मांडायचा, अंगात सूट, गळ्यात टाय, आणि काम सुरू. पोटापाण्यासाठी भावाबरोबर जाहिरातीही करायचा, मागच्या बागेतल्या खोलीत.

दिवाणखान्यातली ही फायरप्लेस नीट पाहून घ्या. १९३८ साली त्यानं अशीच एक रंगवली. वर घड्याळ, मेणबत्त्यांचे दोन स्टँड, मागे मोठा आरसा. खाली, शेगडीच्या धुराचा नळ जिथे बसायचा, तिथून चक्क वाफेचं इंजिन बाहेर येतंय. रूळ नाहीत, अधांतरी. आणि धूर? तो मात्र रीतसर चिमणीतच चाललाय! मला या चित्रातलं हेच सर्वांत आवडतं. नळाच्या जागी इंजिन, एवढाच काय तो बदल. पण त्या इंजिनानं जाग आलेली नजर मग सगळीकडे फिरते, आरशावर जाते, आणि लक्षात येतं की दोनपैकी एकच स्टँड आरशात उमटलाय. इंजिन नसतं, तर आरशाकडे कुणी पाहिलं असतं?

आपली चित्रं स्वप्नं असतील, तर ती झोपवणारी नाहीत, जागं करणारी आहेत, असं माग्रीतचं म्हणणं होतं.

१९५२ मध्ये त्यानं एक बेडरूम रंगवली. पलंगावर छताला भिडू पाहणारा कंगवा, जमिनीवर कपाटाएवढा काचेचा ग्लास. भिंतींच्या जागी ढगाळ आकाश. कंगव्याचे दात इतके निरखून आपण कधी पाहतो?

पुढच्याच वर्षी ओव्हरकोट आणि काळ्या गोल टोप्या घातलेली माणसं त्यानं घरांसमोर हवेत मांडली. ओळीनं, पावसाच्या थेंबांसारखी. रस्त्यात बाजूनं गेली तर मान वळवूनही पाहू नये, अशी साधी माणसं. चित्राला नाव सुचवलं त्याचा कवीमित्र लुई स्क्युतनेर यानं. ते नाव होतं गोवळकोंडा. हो, आपल्या दख्खनचा, हिऱ्यांसाठी युरोपभर गाजलेला गोवळकोंडा!

हे चित्र आज अमेरिकेत, ह्यूस्टनला आहे. आगगाडी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. जेटचं घर १९९९ पासून संग्रहालय आहे आणि ही फायरप्लेस कुणालाही जाऊन पाहता येते.