बीडीडी चाळ: खोलीच्या दाराबाहेरची शंभर वर्षे

वरळीच्या जांबोरी मैदानाच्या परिसरात आज दोन प्रकारच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. पावसाने काळवंडलेल्या, शंभरी गाठलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या बीडीडी चाळी आणि त्याच चाळींतल्या रहिवाशांसाठी बांधलेले 40 मजली टॉवर. ऑगस्ट 2025 मध्ये या टॉवरमधील 556 घरांच्या चाव्या पहिल्यांदा रहिवाशांच्या हाती पडल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात जाणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे एका खोलीत तीन पिढ्या नांदताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या खोलीच्या दाराबाहेर शंभर वर्षे जी वस्ती घडत गेली तिच्याविषयी.

या चाळींचा जन्म सरकारी आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते स्थापन झाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरूनच चाळींना बीडीडी हे नाव पडले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर 1 रुपया कर बसवून कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या 207 चाळी: वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीत 12. एका चाळीत 80 खोल्या, म्हणजे एका मजल्यावर 20. सुरुवातीला या खोल्यांना भाडेकरूच मिळेनात, कारण गिरणी कामगाराच्या पगाराला भाडे झेपणारे नव्हते, वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर वाटे आणि आत उजेड व वारा बेताचाच होता. सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला. ज्या इमारतींना कामगारांनी आधी नाकारले होते, त्याच पुढे त्यांच्या नातवंडांनी जिवापाड जपल्या, हे या वस्तीच्या इतिहासातील मोठे स्थित्यंतर आहे.

हा बदल कुठे घडला ते पाहायचे असेल, तर चाळीच्या व्हरांड्यात यावे लागते. गिरगावातल्या चाळींना असते तशी रस्त्याकडे उघडणारी मोकळी गॅलरी इथे नाही. मधून एक लांब, अंधारा व्हरांडा जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा दारे समोरासमोर उघडतात. शौचालये सामाईक, त्यामुळे सकाळी नंबर लावणे आलेच. पाण्याच्या वेळेला हंडे, कळश्या आणि पिंपे बाहेर येत, आणि कोणाचे पाणी भरायचे राहिले आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची सून बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे, हे सारे त्या रांगेत कळत असे. दहावीचा अभ्यास करणारी मुले रात्री व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसत, उन्हाळ्यात पुरुषमंडळी अंथरूण घेऊन गच्चीवर किंवा रस्त्यावर झोपत आणि लग्न ठरले की शेजारच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी आपोआप मोकळ्या होत. दार दिवसभर उघडे ठेवायचे, हा इथला अलिखित नियम होता.

या जगण्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. शेजारधर्म हा जागेच्या टंचाईतून आला होता आणि टंचाईची खरी किंमत बाईने मोजली. मोरीवर अर्धा पडदा ओढून अंघोळ करणारी, सामाईक शौचालयासाठी रात्री बाहेर पडताना सोबत शोधणारी, एकाच खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुले यांच्यामध्ये संसार करणारी बाई जेव्हा नवे घर हवे म्हणते, तेव्हा तिच्यासमोर चाळसंस्कृतीचे कौतुक करणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

टंचाईतून माणसांनी जे उभे केले, त्याचे मोल मात्र वेगळे आहे. कोकणातून आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या घाटावरच्या जिल्ह्यांतून आलेला कामगार मुंबईत एकटा येत नसे. तो आपल्या गावच्या खोलीवर येई. एका गावचे दहा-पंधरा जण एका खोलीत राहत आणि त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच जागेवर दिवसा एक जण झोपे, तर रात्री दुसरा. जेवण खानावळीत असे आणि ती खानावळ बहुधा गिरणी कामगाराचीच बायको चालवत असे. महिन्याची वर्गणी, भिशी, मयतासाठी वेगळा निधी, गावच्या शाळेसाठी किंवा देवळासाठी पाठवलेली रक्कम, असा सारा हिशेब गावमंडळाच्या वहीत लिहिला जाई. याच सवयीतून पुढे व्यायामशाळा, भजनी मंडळे, कबड्डीचे संघ, गणेशोत्सव मंडळे आणि बुद्धविहार उभे राहिले. चाळीतला कामगार वर्गणी काढायला, पावती फाडायला, सभेत बोलायला आणि हिशेब मागायला इथे शिकला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला गिरणगावाने, म्हणजे गिरण्या आणि कामगारांच्या या वस्त्यांनी, जे बळ दिले, ते या तयारीमुळेच.

जात मात्र मुंबईच्या वेशीवर थांबली नाही. गिरणीत विणकाम खाते दलितांना बंद होते, कारण धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. चाळींतही वस्ती जातीनुसार विभागली गेली आणि अमुक नंबरची चाळ कोणाची हे सर्वांना ठाऊक असे. 5 जानेवारी 1974 रोजी वरळीत दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेच्या सभेवर दगडफेक झाली, दंगल उसळली आणि ती याच चाळींतून पेटत राहिली. काही दिवसांतच परळ येथे मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता मारला गेला. एकोप्याच्या आठवणी सांगणाऱ्या प्रत्येक चित्रफितीत हा अध्याय असायलाच हवा, कारण ज्यांनी तो सोसला तेही याच वस्तीचे रहिवासी आहेत.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. पगार थांबला तसे काही जण गावी परतले, बायकांनी डबे, पापड, शिवणकाम आणि घरकाम पत्करून चुली पेटत्या ठेवल्या, आणि मोठ्या मुलांनी शाळा सोडून मिळेल ते काम धरले. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल, कार्यालये आणि उंच टॉवर आले. गिरणीचा भोंगा बंद पडला, तरी चाळ मात्र टिकली. ज्यांचा रोजगार गेला होता त्यांना सरकारी भाड्याच्या या खोलीमुळेच शहरात राहता आले.

2017 मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, काम सोपवले गेले. आता प्रश्न उरतो तो लिफ्टच्या दारापाशी. तीन मजल्यांच्या चाळीत जिना चढताना वीस घरे ओलांडावी लागत. तिसाव्या मजल्यावर राहणारी आजी दुपारी गप्पांना कुठे बसणार, पोरे कबड्डी कुठे खेळणार, देखभालीचा मासिक खर्च निवृत्त कामगाराच्या घराला कायम पेलणार का, आणि दहा चाळींच्या दहा मंडळांना एकाच इमारतीत सभागृह कसे वाटून मिळणार? यांची उत्तरे वास्तुविशारदाच्या नकाशात पूर्णपणे सापडणार नाहीत. ती नव्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत ठरतील, आणि सभा चालवण्याचा अनुभव या लोकांकडे भरपूर आहे.

तोवर एक काम तातडीने करण्यासारखे आहे. चाळ रिकामी होताना माळ्यावरच्या ट्रंका उतरवल्या जातात आणि त्यांतली जुनी वर्गणीची पावतीपुस्तके, गावमंडळांच्या हिशेबवह्या, गिरणीचे पगारपत्रक, संघाचे फोटो आणि जयंतीच्या पत्रिका रद्दीत जातात. प्रत्येक चाळीने पाडकाम सुरू होण्यापूर्वी हे कागद एकत्र करावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, समोर बसवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. नव्या इमारतीच्या सभागृहात एक कपाट यासाठी राखून ठेवण्याचा ठराव पहिल्याच सभेत मांडता येईल.